खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ लिहिलेलं असतं, तरी डेटा अॅक्विझिशन कार्ड का चालत नाही?

अनेक प्रयोगशाळांमध्ये कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर असतो. मॉनिटरवर कागद चिकटवलेला असतो, ‘अपडेट करू नये’. त्याला इंटरनेट जोडलेलं नसतं आणि नवीन आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं की याला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरची किंमत आता भंगाराएवढी असते. भीती त्याची नसून आत बसवलेल्या कार्डाची असते. ते कार्ड बरीच वर्षं नीट चालत आलंय आणि एका अपडेटनंतर ते कदाचित कायमचं गप्प बसेल, हे सगळ्यांना माहीत असतं.

या कार्डाला डेटा अॅक्विझिशन कार्ड म्हणतात, बोलताना डॅक कार्ड. एखाद्या मॉडेलची किंमत लाखाच्या पुढेही जाते. ते विकत घेताना माहितीपत्रकावर ‘लिनक्स सपोर्टेड’ असं लिहिलेलं असतं, आणि तरीही लिनक्सवर ते चालवताना लोक आठवडे घालवतात. कंपनी खोटं बोलते असं नाही. ‘सपोर्ट’ या एका शब्दात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी भरलेल्या असतात आणि खोक्यावरून त्यातली कोणती मिळणार आहे हे कळत नाही, ही खरी अडचण.

कार्ड नेमकं करतं काय?

तापमान, दाब, कंपन, ताण या गोष्टी सेन्सर व्होल्टेजच्या रूपात सांगतो. कॉम्प्युटरला व्होल्टेज कळत नाही, आकडे कळतात. डॅक कार्ड त्या व्होल्टेजचे आकडे करतं. १६ बिटचं कार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्ट या पट्ट्याच्या ६५,५३६ पायऱ्या पाडतं, म्हणजे एक पायरी साधारण ०.३ मिलिव्होल्टची.

हे काम एकदा करायचं असतं तर प्रश्नच नव्हता. पण नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं पीसीआय ६२२१ हे या वर्गातलं साधं कार्ड घेतलं, तरी ते सेकंदाला अडीच लाख वाचनं घेतं. वाचनं तात्पुरती ठेवायला कार्डावर छोटी जागा असते, या मॉडेलमध्ये ४,०९५ वाचनांची. पूर्ण वेगाने ती जागा १६ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात ती रिकामी झाली नाही तर पुढची वाचनं ठेवायला जागाच उरत नाही, आणि मोजणी तिथेच तुटते. इंजिनाची चाचणी चालू असेल किंवा एखादा नमुना तुटेपर्यंत ताणला जात असेल, तर ती घटना पुन्हा घडवून आणता येत नाही.

ही जागा वेळेवर रिकामी करण्याचं काम ड्रायव्हरचं. कार्डातल्या चिपमध्ये रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. कुठल्या कप्प्यात कुठला आकडा टाकला की मोजणी सुरू होते, कुठल्याने थांबते, डेटा थेट कॉम्प्युटरच्या मेमरीत कसा पाठवायचा, हे सगळं ड्रायव्हरला माहीत असावं लागतं. ती माहिती कार्ड बनवणाऱ्याकडे असते.

माऊस चालतो, मग हे का नाही?

कुठलाही यूएसबी माऊस, कीबोर्ड, वेबकॅम किंवा हेडफोन लिनक्सला जोडा, बहुतेक वेळा काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. यामागे लिनक्सची जादू नाही. यूएसबीच्या मानकात या उपकरणांचे वर्ग ठरलेले आहेत. वेबकॅमने कसं बोलायचं हे ठरलेलं असल्यामुळे एकच ड्रायव्हर शेकडो कंपन्यांच्या वेबकॅमना पुरतो.

डॅक कार्डांसाठी सगळ्यांनी पाळलेला असा ठरलेला वर्ग नाही. एका कार्डाला आठ चॅनेल, दुसऱ्याला ऐंशी. एकात काउंटर, एकात बाहेरून येणाऱ्या पल्सवर सुरू होणारी मोजणी, एकात चार वेगवेगळ्या व्होल्टेज रेंज. प्रत्येक कंपनीने आपली चिप आणि रजिस्टरची रचना स्वतंत्र केली. त्यात खपही मर्यादित. लाखो वेबकॅम विकले जातात, विशिष्ट डॅक कार्ड घेणारे कमी, आणि त्यातले लिनक्स वापरणारे आणखी कमी. कंपनीच्या हिशेबात पहिला ड्रायव्हर विंडोजचा होतो, हे समजण्यासारखं आहे.

कर्नल बदलतो तेव्हा

आता मूळ दुखणं. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलच्या बाहेर चालणारे साधे प्रोग्रॅम अपडेटमुळे मोडू नयेत, याबाबत लिनस टॉरवाल्ड्स आणि मंडळी अत्यंत कडक आहेत. पण कर्नलच्या आत ड्रायव्हर ज्या फंक्शनवर उभे असतात, ती फंक्शन कधीही बदलू शकतात. हे चुकून होत नाही, हे जाहीर धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याचं समर्थन करणारं एक टिपण लिहिलं असून ते कर्नलच्या अधिकृत दस्तावेजातच आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ड्रायव्हरचा सोर्स कर्नलमध्ये आणून ठेवा, मग आत काही बदललं की बदलणाराच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करील.

याचं एक ताजं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०२३ मध्ये आलेल्या ६.४ आवृत्तीत ‘क्लास क्रिएट’ नावाच्या फंक्शनमधून एक घटक काढून टाकला गेला. आधी त्याला दोन गोष्टी द्याव्या लागत, आता एकच. बदल एका ओळीचा. कर्नलमध्ये असलेले सगळे ड्रायव्हर त्याच वेळी दुरुस्त झाले. बाहेरचे, म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवरून डाउनलोड करून घ्यायचे जे ड्रायव्हर हे फंक्शन वापरत होते, ते मात्र नव्या कर्नलवर कंपाइल होईनात.

हे कुठल्या तरी हौशी माणसाच्या मशीनवरच घडतं असं समजू नये. उबुंटू २२.०४ ही पाच वर्षं टिकणारी, ‘स्थिर’ म्हणून निवडली जाणारी आवृत्ती. ती आली तेव्हा तिच्यात ५.१५ कर्नल होता. पण तिच्या डेस्कटॉप आवृत्तीत कर्नल आपोआप पुढे सरकत राहतो : ५.१९, मग ६.२, आणि २०२४ च्या सुरुवातीला ६.५. म्हणजे ज्याने काहीही बदललं नाही, फक्त ‘अपडेट’वर क्लिक करत राहिला, त्यानेही ६.४ ची सीमा ओलांडली. सकाळी मशीन सुरू केलं आणि कार्ड दिसत नाही, अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

उलट रेड हॅट एंटरप्राइज लिनक्समध्ये एका मुख्य आवृत्तीच्या पूर्ण आयुष्यात मूळ कर्नल तोच ठेवला जातो. आठव्या आवृत्तीत ४.१८, नवव्यात ५.१४. सुरक्षा दुरुस्त्या त्यातच मागे आणून बसवल्या जातात. मोजमापाच्या उपकरणांचे उत्पादक ‘आम्ही लिनक्सला सपोर्ट करतो’ म्हणताना पुष्कळदा रेड हॅटचं नाव आधी घेतात, ते यामुळे. घरी उबुंटू किंवा फेडोरा वापरणारा मात्र ते वाक्य वाचून आपलंही काम होईल असं समजतो.

कंपनीचा बंद ड्रायव्हर

या क्षेत्रातलं सर्वात मोठं नाव नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स. १९७६ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन इथे सुरू झालेली, लॅबव्ह्यू बनवणारी ही कंपनी २०२३ मध्ये इमर्सनने विकत घेतली. लिनक्सबाबत तिचा प्रवास वळणावळणाचा आहे. सुरुवातीच्या काळात डॅक-एमएक्स या मुख्य ड्रायव्हरची लिनक्स आवृत्ती विंडोजच्या खूप मागे असे. त्याच्या जोडीला डॅक-एमएक्स बेस नावाचा छोटा भाऊ होता, त्यात मोजक्याच सोयी. गेल्या काही वर्षांत चित्र बरंच सुधारलं. आता उबुंटू, रेड हॅट आणि ओपनसुसे यांच्या ठरावीक आवृत्त्यांसाठी डॅक-एमएक्स नियमित येतो. पायथॉनमधून कार्ड चालवण्यासाठीचं कंपनीचं पॅकेज तर खुल्या सोर्सचं आहे.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. पायथॉनचं पॅकेज खुलं असलं तरी ते फक्त वरचं आवरण आहे. खालचा ड्रायव्हर कंपनीचा आणि बंदच, आणि तो नसेल तर पॅकेज निरुपयोगी. डेस्कटॉपसाठीचा हा ड्रायव्हर ६४ बिट इंटेल आणि एएमडी प्रोसेसरसाठी आहे. म्हणून एनआयचं यूएसबी उपकरण रास्पबेरी पायला जोडून चालवायचा बेत इथेच फसतो.

कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं. त्यासाठी डीकेएमएस नावाची व्यवस्था वापरली जाते. नवा कर्नल आला की ती मॉड्यूल आपोआप नव्याने कंपाइल करते. ऐकायला छान वाटतं, आणि बहुतेक वेळा चालतंही. पण फंक्शनच बदललं असेल तर कंपाइल होणार नाही, आणि तेव्हा कंपनीच्या पुढच्या आवृत्तीची वाट बघण्यापलीकडे हातात काही उरत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक अडथळा : सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर व्यवस्थित बसलेला दिसतो, कार्ड जागेवर असतं, तरी काही चालत नाही. हा घोळ इतका नेहमीचा आहे की कार्डाला दोष देण्याआधी तो तपासून घ्यावा.

बंद मॉड्यूल चढलं की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. त्यानंतर मशीन अडखळलं आणि कर्नलच्या लोकांकडे तक्रार नेली, तर आधी ते मॉड्यूल काढून पुन्हा बघा असंच उत्तर येण्याची शक्यता मोठी. ज्याचा सोर्स दिसत नाही त्यातली चूक ते तरी कशी शोधणार?

कॉमेडी : नाव विनोदी, काम गंभीर

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड श्लीफ यांनी कॉमेडी नावाचा प्रकल्प सुरू केला. लिनक्समधली नियंत्रण आणि मोजमापाची उपकरणं एकाच पद्धतीने चालवता यावीत, ही कल्पना. कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, वरचा प्रोग्रॅम तोच, खाली त्या त्या कार्डाचा छोटा ड्रायव्हर. पुढे फ्रँक हेस, इयन अॅबट आणि इतर अनेकांनी तो वाढवला. अनेक कंपन्यांची शेकडो मॉडेल त्यात आली.

२००९ मध्ये कॉमेडी लिनक्स कर्नलच्या ‘स्टेजिंग’ विभागात गेला. स्टेजिंग म्हणजे कर्नलचा व्हरांडा : घरात घेतलंय, पण अजून बैठकीत नाही. कोड स्वच्छ करा, मग आत या. तिथे तो तब्बल बारा वर्षं राहिला आणि २०२१ मध्ये ५.१३ आवृत्तीत मुख्य घरात आला. त्या बारा वर्षांतही कर्नलमध्ये आतून जे जे बदललं, त्यासोबत हे ड्रायव्हर दुरुस्त होत राहिले. ‘क्लास क्रिएट’चा बदल कॉमेडीच्या वापरकर्त्यांना कळलासुद्धा नाही, कारण तो सोर्स आधीच आत होता.

यात कार्ड बनवणाऱ्यांचाही वाटा आहे आणि तो सांगायला हवा. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या ई आणि एम मालिकांच्या कार्डांची रजिस्टर पातळीवरची माहिती ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी खुली केली. वर उल्लेख झालेलं ६२२१ एम मालिकेतलंच. ड्रायव्हर स्वतः न लिहिताही कंपनी सपोर्ट करू शकते तो असा. खरं तर दीर्घकाळात हाच सपोर्ट जास्त टिकतो. कंपनीच्या कार्यालयात लिनक्सचा विभाग राहो वा न राहो, प्रसिद्ध झालेली माहिती परत घेता येत नाही.

पण कॉमेडी सगळ्या रोगांवर औषध नाही. त्यात जुनी पीसीआय कार्डं भरपूर आणि नवी कमी, आणि आताच्या बहुतेक मदरबोर्डवर साधा पीसीआय स्लॉट सापडणं मुश्कील. दुसरं, कॅलिब्रेशन. एम मालिकेच्या कार्डावर कारखान्यात मोजलेले दुरुस्तीचे आकडे साठवलेले असतात. कार्डाकडून येणारा कच्चा आकडा त्या दुरुस्तीतून काढला तरच खरं व्होल्टेज मिळतं. कंपनीचा ड्रायव्हर हे गुपचूप करून देतो. कॉमेडीमध्ये कॅलिब्रेशनचा वेगळा प्रोग्रॅम चालवून, त्याची फाइल आपल्या कोडमध्ये वापरावी लागते. हे विसरलं तर कुठलाही एरर येत नाही. आलेख दिसतो, आकडे येतात, फक्त ते किंचित चुकीचे असतात. बंद पडलेल्या कार्डापेक्षा हे जास्त महागात पडतं.

कर्नलला वळसा

कर्नलच्या आत शिरायचंच नाही, असाही एक मार्ग आहे. यूएसबी उपकरणाशी साध्या प्रोग्रॅममधून बोलता येतं. लिबयूएसबी नावाची लायब्ररी त्यासाठीच आहे. कर्नलच्या बाहेर राहिल्यामुळे बाहेरच्या प्रोग्रॅमना मिळणारं संरक्षण इथेही मिळतं.

मेजरमेंट कॉम्प्युटिंग या कंपनीची कार्डं याचं चांगलं उदाहरण आहेत. तिच्या उपकरणांचे लिनक्स ड्रायव्हर बराच काळ नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक वॉरन जॅस्पर लिहीत आले. एक प्राध्यापक एका कंपनीच्या उत्पादनांसाठी ड्रायव्हर लिहून सर्वांना मोफत देतो, हे या क्षेत्राबाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण इथली पुष्कळ कामं अशीच झालेली आहेत. पुढे कंपनीनेही यूएल-डॅक नावाची स्वतःची खुली लायब्ररी आणली. ती लिबयूएसबीवर उभी असल्याने रास्पबेरी पायवरही चालते. लॅबजॅकने आपल्या यू मालिकेसाठी हाच रस्ता घेतला. त्यांची टी७ सारखी नवी उपकरणं इथरनेटवरून मॉडबस या जुन्या, खुल्या पद्धतीने बोलतात. तिथे तर खास ड्रायव्हर हा प्रकारच उरत नाही.

वळशाची किंमत आहे. मोजलं, हिशेब केला, लगेच मोटरला हुकूम दिला, असं नियंत्रणाचं काम मिलिसेकंदाच्या आत व्हायचं असेल तर यूएसबी मागे पडतं. तिथे अजूनही मदरबोर्डवर बसणारं कार्डच लागतं.

खोडदचं उदाहरण

मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न कसा सोडवला जातो, ते पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळतं. नारायणगावजवळ खोडदला असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथल्या शास्त्रज्ञांनी संकेतांवर प्रक्रिया करणारी एक यंत्रणा खास इलेक्ट्रॉनिक्सऐवजी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून उभी केली : पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी कार्डं आणि ४८ कॉम्प्युटरांचा लिनक्स क्लस्टर. २०१० मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ३२ अँटेनांसाठीची रचना, प्रत्येकीचे दोन संकेत, प्रत्येक संकेत ३३ मेगाहर्ट्‌झ रुंद. एवढ्या रुंद संकेताला सेकंदाला निदान ६.६ कोटी वाचनं लागतात, म्हणजे ६४ संकेत मिळून ४०० कोटींच्या वर. हे सगळं लिनक्सवर, त्या त्या क्षणी.

नंतर दुर्बिणीचा विस्तार झाला तेव्हा रचना बदलली. संकेतांचे आकडे आता वेगळ्या बोर्डांवर होतात आणि नेटवर्कच्या केबलमधून कॉम्प्युटरांकडे येतात. नेटवर्क कार्ड ही लिनक्समध्ये सर्वात चांगली सांभाळली जाणारी वस्तू, कारण जगातले सर्व्हर तिच्यावर चालतात. ही सोय आता छोट्या प्रयोगशाळांनाही इथरनेटवर चालणाऱ्या उपकरणांमुळे परवडू लागली आहे.

घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

सरकारी संस्था आणि कॉलेजांत खरेदी निविदेतून होते, आणि निविदेत ‘लिनक्स ड्रायव्हर उपलब्ध असावा’ एवढंच लिहिलं तर पुरवठादार दहा वर्षांपूर्वीची सीडी देऊनही अट पूर्ण करतो. त्याऐवजी डिस्ट्रिब्युशनचं नाव आणि आवृत्ती लिहावी, आणि त्याच मशीनवर सगळे अपडेट झाल्यानंतर, हव्या त्या वेगाने २४ तास अखंड डेटा घेऊन दाखवण्याची अट घालावी. ड्रायव्हरचा सोर्स मिळणार का, नसल्यास रजिस्टरची माहिती मिळणार का, हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर ‘नाही’ आलं तरी बिघडत नाही, पण मग त्या कार्डासोबत त्याचा कर्नलही गोठवून ठेवावा लागेल, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. उबुंटूवर सर्व्हर आवृत्तीचा मूळ कर्नल धरून ठेवला तर आपोआप पुढे सरकणं टळतं.

कार्ड आधीच कपाटात पडलं असेल, तर ते भंगारात काढण्यापूर्वी एखाद्या जुन्या मशीनमध्ये बसवून टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा आकडे दाखवण्याच्या पर्यायासह चालवावी. प्रत्येक पीसीआय कार्डावर कंपनीचा चार अक्षरी क्रमांक असतो. १०९३ दिसला तर कार्ड नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचं, १३०७ दिसला तर मेजरमेंट कॉम्प्युटिंगचं. पुढचे चार आकडे मॉडेल सांगतात आणि ते कॉमेडीच्या ड्रायव्हरमध्ये नोंदलेले आहेत का ते शोधता येतं. मेजरमेंट कॉम्प्युटिंगच्या कार्डांचे ड्रायव्हर तिथे ‘सीबी’ या अक्षरांनी सुरू होतात. ते कंपनीचं जुनं नाव, कॉम्प्युटरबोर्ड्स. नाव केव्हाच बदललं आणि २००५ मध्ये कंपनीही नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, पण कर्नलमधल्या त्या फाइलवर अजून जुनंच नाव आहे, आणि तिच्यातली कार्डं अजून चालतात.